मान डोलते की पाय उचलतात?

गेल्या डिसेंबरात शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीला मी आठवडाभर जात होते. चौथीच्या मुलांचा नाच बसवायचा होता आणि विषय होता शांतता. बाईंनी त्यासाठी ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाचं 2003 सालचं 'व्हेअर इज द लव्ह?' हे गाणं निवडलं. विषयाला ते चपखलच आहे. युद्ध, द्वेष, हरवत चाललेली माणुसकी यांबद्दल ते तळमळीने बोलतं. बाई मोजत होत्या, "एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ," आणि तीस मुलं जागच्या जागी उभी राहून माना हलवत होती. हात वर जायचे तेही कुणाचे आधी, कुणाचे मागाहून.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंच्या फोनवर त्याच गटाचं पुढचं गाणं आपसूक सुरू झालं. 'आय गॉटा फीलिंग', 2009 सालचं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. डबे उघडून बसलेली मुलं उठली आणि उड्या मारायला लागली. एकाच्या हातात तूप-साखरेच्या पोळीची सुरळी होती, तीही ठोक्याबरोबर वर-खाली होत होती. आणि सगळ्यांचे पाय एकाच क्षणी जमिनीला लागत होते.

गट तोच, आवाज तेच, मुलंही तीच. इंग्रजी शब्द मुलांना दोन्ही गाण्यांत सारखेच कमी कळत होते. मग मधल्या सहा वर्षांत असं काय घडलं, की आधी फक्त मान डोलत होती आणि आता पाय उचलले गेले?

या गटाचे जुने चाहते एकच उत्तर देतात: पैशासाठी हिप-हॉप सोडलं आणि नाचगाण्याच्या मागे लागले. हे उत्तर मला पुरत नाही. पैसा का आला याचं ते थोडंफार स्पष्टीकरण असेल, पण पाय का उचलले गेले याचं नाही. ते कळायचं तर गाणं उघडून आतली रचना पाहावी लागते. आत एक साधी गोष्ट सापडते. ठोका बदलला की शब्दांना मिळणारी जागा बदलते, आणि जागा बदलली की शब्दांचं कामच बदलतं.

नाचणारी मुलं

विल्यम अ‍ॅडम्स, म्हणजे विल.आय.अ‍ॅम, पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्तीत वाढला. अ‍ॅलन पिनेडा, म्हणजे अ‍ॅपल-डी-अ‍ॅप, फिलिपिन्समधल्या अँजेलिस शहरात जन्मला आणि चौदाव्या वर्षी अमेरिकेत आला. दोघांची शाळकरी वयात गट्टी जमली ती ब्रेकडान्समुळे. 1992 मध्ये ईझी-ई या नावाजलेल्या रॅपरने त्यांना आपल्या कंपनीत घेतलं, पण त्यांचा अल्बम बाहेर आलाच नाही, आणि 1995 मध्ये ईझी-ई वारला. मग टॅबू त्यांना येऊन मिळाला आणि ब्लॅक आइड पीज हे नाव ठरलं. 1998 चा पहिला अल्बम 'बिहाइंड द फ्रंट' हा शब्दांवर प्रेम करणाऱ्या हिप-हॉपचा आहे. मंचावरही ते खऱ्या वाद्यांचा ताफा घेऊन उभे राहत.

2003 च्या 'एलिफंक'पासून फर्गी ही गायिका आली आणि गाण्यांत सुरेल मुखडे वाढले. 2005 च्या 'मंकी बिझनेस'मध्ये 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' हे गाणं आहे, आणि त्यात आपल्या घरची दोन गाणी ऐकू येतात. 'अपराध' (1972) मधलं 'ऐ नौजवान है सब कुछ यहाँ' आणि 'डॉन' (1978) मधलं 'ये मेरा दिल'. दोन्हींचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं आणि दोन्हींत आवाज सांगलीत जन्मलेल्या आशा भोसल्यांचा. जुन्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा उचलून नव्या गाण्यात गुंफण्याला सँपलिंग म्हणतात. गोधडी शिवणारी बाई जुन्या लुगड्याचा काठ शोधून नेमक्या जागी लावते, तसंच हे काम. हिप-हॉपची ही मूळ कारागिरी. त्या गाण्याला 2006 मध्ये रॅप विभागातलं ग्रॅमी मिळालं.

त्यानंतर आला जून 2009, आणि 'द ई.एन.डी.' हा अल्बम. आधी 'बूम बूम पाव' हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग 12 आठवडे पहिलं राहिलं. त्याला खाली उतरवलं ते त्यांच्याच 'आय गॉटा फीलिंग'ने, आणि ते 14 आठवडे राहिलं. सलग 26 आठवडे, म्हणजे अर्धं वर्ष, पहिला क्रमांक एकाच गटाकडे. या अल्बममध्ये गोधडीचं काम कमी आणि यंत्रातून काढलेले स्वच्छ, धारदार आवाज जास्त आहेत.

पावलाचा वेग

गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके पडतात त्यावरून मोजतात. याला बीपीएम म्हणतात. 'व्हेअर इज द लव्ह?' मिनिटाला साधारण 94 ठोक्यांचं आहे, 'आय गॉटा फीलिंग' 128 चं. हिप-हॉपची पुष्कळशी गाणी 80 ते 100 च्या दरम्यान असतात, क्लबमध्ये नाचायची गाणी 120 ते 130 च्या दरम्यान.

आता आपल्या पायांकडे पाहू. रस्त्याने सहज चालणारा माणूस मिनिटाला 110 ते 120 पावलं टाकतो. एनसीसीत 'तेज चल'चा हुकूम आला की पावलं 120 च्या आसपास पडतात. म्हणजे शरीराचं स्वतःचं घड्याळ सेकंदाला दोन टोल्यांच्या जवळ चालतं. 94 ठोक्यांच्या गाण्यावर चालून पाहा, पाय मुद्दाम मागे ओढावा लागतो. मिरवणुकीत पुढची मंडळी अडली की आपण कसे रेंगाळतो, तसं होतं. त्या वेगात मान आणि खांदे छान डोलतात. 128 चा वेग मात्र सहज चालीच्या जरासा पुढचा आहे. पावलाला किंचित घाई होते, टाच पूर्ण टेकण्याआधीच उचलावी लागते, आणि चालीची उडी होते.

पण नुसता वेग पुरत नाही. द्रुत लयीतला तराणा ऐकताना आपण उड्या मारत नाही. दुसरी गोष्ट आहे ठोका कुठे पडतो ही.

गाणं मोजतं की आपण मोजायचं?

हिप-हॉपचा रुळलेला ठेका चार मात्रांचा. पहिल्या मात्रेवर बास ड्रमचा जड 'धम', दुसरीवर स्नेअरचा कोरडा 'चट', तिसरीच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा 'धम', चौथीवर 'चट'. यातली गंमत त्या अलीकडे-पलीकडेमध्ये आहे. ठोका अपेक्षित जागी न पडता थोडा आधी किंवा उशिरा पडतो आणि मधली पोकळी आपल्याला मनातल्या मनात भरावी लागते. तबल्यात 'खाली'च्या मात्रेवर डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ती जागा ऐकणारा स्वतः धरून ठेवतो, तसंच. ऐकणाऱ्याला काम असतं. ते करताना मान हलते, कारण मान हे मनातल्या मोजणीचं बाहेर दिसणारं काटेकोर यंत्र आहे.

नाचाच्या ठेक्यात बास ड्रम चारही मात्रांवर पडतो. धम, धम, धम, धम. इंग्रजीत याला 'फोर ऑन द फ्लोअर' म्हणतात. बास ड्रम जमिनीवर ठेवून पायाने वाजवतात, आणि तो चारही वेळा वाजतो, म्हणून ते नाव. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियातला अर्ल यंग हा ड्रमर असं वाजवू लागला, डिस्कोने ते उचललं, आणि 1980 च्या दशकात शिकागोच्या 'वेअरहाऊस' या क्लबभोवती वाढलेल्या संगीताने तेच यंत्रावर घेतलं. त्या क्लबच्या नावावरून या संगीताला हाऊस म्हणू लागले.

पुण्याचं ढोल-ताशा पथक ज्याने जवळून पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. ताशाची तर्री कितीही नागमोडी जावो, ढोलाची थाप सरळ, ठरल्या जागी पडते. म्हणून पन्नास वादक आणि हजार बघे एकाच वेळी हलतात. बास ड्रमचा आवाज ढोलासारखाच खोल असतो. मोठ्या स्पीकरसमोर तो छातीवरही जाणवतो.

तालमीत नेमकं हेच झालं होतं. पहिल्या गाण्यात चौथीच्या मुलांना ठोका स्वतः मोजायचा होता, म्हणून बाईंना ओरडून मोजावं लागत होतं. दुसऱ्या गाण्यात गाणंच मोजत होतं. सप्टेंबर 2009 मध्ये शिकागोच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमासाठी या गटाने 'आय गॉटा फीलिंग' सादर केलं, तेव्हा वीस हजारांच्या आसपास लोकांनी भर रस्त्यात एकत्र नाच केला. पुढे उभी असलेली एकटी बाई नाचायला लागते, मग तिच्या बाजूचे, मग मागचे, आणि शेवटी सगळा रस्ता. पावलं आधी शिकवली होती हे खरं. पण इतक्या माणसांना एका ठोक्यावर धरून ठेवायला कुणी मोजणारा लागला नाही.

शब्दाचा बोल होतो

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. यासाठी थोडं गणित करावं लागेल, पण ते बाजारहाटाइतकंच सोपं आहे.

मिनिटाला 94 ठोके म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन अडीच सेकंदांहून किंचित मोठं. रॅपर प्रत्येक मात्रेचे चार भाग करतो, म्हणजे आवर्तनात सोळा खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक अक्षर बसू शकतं. सोळा अक्षरं अडीच सेकंदांत, म्हणजे सेकंदाला सहाच्या थोडं वर. आपण उत्साहाने गप्पा मारतो तेव्हा साधारण याच वेगाने बोलतो. म्हणून या लयीतलं रॅप बोलण्यासारखं वाटतं. त्यात तक्रार करता येते, गोष्ट सांगता येते, 'पण' आणि 'कारण' म्हणता येतं.

128 ठोक्यांना तेच आवर्तन दोन सेकंदांच्याही आत संपतं. सोळा खाचा भरायच्या तर सेकंदाला साडेआठ अक्षरं म्हणावी लागतील. काही जिभा ते करतात, पण ऐकणाऱ्याच्या पदरी शब्द पडत नाहीत, नुसती तडतड पडते. मग उरतो एकच मार्ग: निम्म्या खाचा रिकाम्या सोडायच्या. आवर्तनात आठ अक्षरं. रॅपचा अंतरा बहुधा सोळा आवर्तनांचा असतो. संथ गाण्यात त्यात अडीचशेच्या वर अक्षरं मावतात, वेगवान गाण्यात सव्वाशेच्या आसपास. कवीला अर्धा कागद फाडून दिल्यासारखं आहे हे.

अर्ध्या कागदावर युद्धाची मीमांसा मावत नाही. त्यावर मावते हाक, घोषणा, कबुली, इच्छा. 'आय गॉटा फीलिंग'मध्ये एका ठिकाणी चक्क आठवड्याच्या वारांची नावं ओळीने येतात. मुखडा गाण्याच्या अगदी आरंभीच येतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. समीक्षकांनी याला उथळपणा म्हटलं. पण इथे शब्दाला दुसरं काम दिलेलं आहे.

तबलजी 'धा धिं धिं धा' म्हणतो तेव्हा आपण अर्थ विचारत नाही. तो बोल आहे; त्याचं काम घाव घालण्याचं. 'बूम बूम पाव' हे शीर्षकच पाहा. तीन अक्षरं, तिन्ही ओठांवर फुटणारी, आणि शेवटी तोंड उघडतं. तो एक ठेका आहे, तोंडाने वाजवलेला. संथ हिप-हॉपमध्ये शब्द ठोक्यावर स्वार होतो. इथे शब्दच ठोका होतो. त्यामुळे ज्याला इंग्रजी येत नाही अशा माणसालाही गाणं बाहेर ठेवत नाही. तबल्याच्या बोलाला भाषांतर लागत नाही, तसं यालाही लागत नाही.

यात तोटा आहे, आणि तो लहान नाही. 'व्हेअर इज द लव्ह?'मध्ये जो विचार करणारा, रागावलेला, स्वतःलाही प्रश्न विचारणारा माणूस भेटतो, तो 'द ई.एन.डी.'मध्ये मला क्वचितच भेटला. त्याची उणीव मला आजही जाणवते.

सा सोबतच राहतो

सुरांकडे वळू. घरात पेटी असेल तर ती पुढ्यात घ्या. 'आय गॉटा फीलिंग' जवळपास सगळं तीन सूर-गुच्छांवर उभं आहे. आधी सा-ग-प, मग म-ध-सा, मग ध-सा-ग, आणि पुन्हा म-ध-सा. हेच चक्र अखेरपर्यंत फिरत राहतं.

या तिन्ही गुच्छांत एक सूर समान आहे, सा. खालची जमीन बदलत राहते, पण सा कधीच सोडून जात नाही. त्यामुळे ज्याला गाता येत नाही तोही एकाच सुरावर ठाम उभा राहिला तर बेसूर होत नाही. आरतीला शंभर माणसं गातात, त्यांतली निम्मी एका सुराला धरून असतात आणि तरी आरती कानाला गोडच लागते, त्यामागेही बरंचसं हेच आहे. लोकांनी एकत्र म्हणायचं गाणं असं बांधावं लागतं, की कुणाचा पाय घसरणार नाही.

गळ्यांवर मात्र 'बूम बूम पाव'मध्ये मुद्दाम यंत्र फिरवलं आहे. ऑटोट्यून हे 1997 मध्ये बाजारात आलेलं साधन. ते अँडी हिल्डेब्रँडने तयार केलं. आधी तो तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरी अभ्यासायचा. हे साधन सुराला जवळच्या बरोबर सुरावर खेचतं. खेचण्याचा वेग फार वाढवला की सुरांमधली मींड गळून पडते आणि आवाज पेटीच्या पट्ट्यांसारखा एका सुरावरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारतो. मींड काढता येत नाही याही कारणासाठी 1940 पासून तीन दशकं आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. इथे तोच दोष गुण म्हणून वापरला आहे. गळा यंत्रासारखा झाला की तो यंत्राच्या ठोक्यात मिसळून जातो.

पालखी, दार आणि तिहाई

नाचाच्या गाण्यात चढ-उतार घडवण्याच्या काही युक्त्या असतात. तीन समजल्या की पुढच्या वेळी कान आपोआप त्या ओळखतील.

पहिलीला साइडचेन म्हणतात. बास ड्रम आणि मागचे भरीव सूर एकाच वेळी मोठे वाजले तर दोन्हींचा चिखल होतो. म्हणून प्रत्येक ठोक्याला यंत्र बाकीचे सूर क्षणभर दाबतं आणि लगेच सोडतं. वारीत पालखी आली की गर्दी दुभंगते आणि पालखी पुढे गेली की पुन्हा भरते, तसं मिनिटाला सव्वाशेहून अधिक वेळा घडतं. गाणं श्वास घेतंय असं वाटतं ते यामुळे.

दुसरी युक्ती फिल्टरची. मंगल कार्यालयाचं दार बंद असताना बाहेरच्या बँडचा फक्त ढोल ऐकू येतो. दार उघडलं की क्लॅरिनेट, झांजा, लोकांचा गलका सगळं आत येतं. संगीतकार हे दार हळूहळू उघडतो. आधी घुसमटलेला, खोल आवाज, मग एकेक पडदा सरकत जातो.

तिसरी युक्ती आपल्याला सर्वांत जवळची. तबलजी तिहाई घेतो, एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्यांदा बरोबर समेवर येतो. सम कुठे आहे हे सभागृहाला आधीच कळलेलं असतं, तरी ती येते तेव्हा दाद जाते. नाचाच्या गाण्यात बास ड्रम मधेच काढून घेतात, स्नेअर दुप्पट-चौपट होत जातो, सूर वर वर चढतो, आणि मग सगळं एकदम समेवर कोसळतं. याला ड्रॉप म्हणतात. ठोका काढून घेतला तेव्हाच तो किती हवा होता हे पायांना कळतं.

> चौकट: घरी करून पाहा
> फोनवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरल्या वेगाने ठोके देणारं, एखादं अ‍ॅप घ्या. वेग 94 ठेवा आणि कालचा दिवस कसा गेला ते ठोक्याच्या लयीत, एका मात्रेत चार अक्षरं या हिशेबाने बोला. जमेल. आता वेग 128 करा आणि तेच बोला. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला जीभ अडखळेल आणि तुम्ही नकळत शब्द गाळू लागाल. जे शब्द उरतील ते कागदावर लिहून काढा. त्यांत क्रियापदं थोडी आणि नावं, हाका, उद्गार जास्त दिसतील.

तेव्हाच का?

2008 मध्ये विल.आय.अ‍ॅम एका सिनेमाच्या चित्रीकरणासाठी ऑस्ट्रेलियात होता आणि तिथल्या क्लबांमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत त्याच्या डोक्यात बसलं. पॅरिसचा डीजे डेव्हिड गेटा याच्याशी त्याने संपर्क साधला. 'आय गॉटा फीलिंग'चं संगीत गेटा आणि फ्रेडरिक रिस्टरर यांनी मिळून बांधलं. युरोपातून असा ठेका कधी गेलाच नव्हता. अमेरिकेच्या रेडिओवर मात्र तो बऱ्याच वर्षांनी परतत होता. कान्ये वेस्टने 2007 मध्येच 'स्ट्राँगर'साठी डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा तुकडा उचलला होता, आणि जानेवारी 2009 मध्ये लेडी गागाचं 'जस्ट डान्स' पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं.

विक्रीची रीतही बदलली होती. अ‍ॅपलचं आयट्यून्स दुकान 2003 मध्ये उघडलं आणि एकेक गाणं 99 सेंटला मिळू लागलं. अख्खा अल्बम विकत घेऊन निवांत ऐकणाऱ्या माणसाला सावकाश उलगडणारं गाणं चालतं. पण काही सेकंदांचा नमुना ऐकून बोट दाबणाऱ्याला मुखडा लगेच हवा असतो. फेब्रुवारी 2010 मध्ये आयट्यून्सवर दहा अब्जावं गाणं विकलं गेलं तेव्हा सर्वांत जास्त खपलेल्या गाण्यांत 'आय गॉटा फीलिंग' सगळ्यात वर होतं. शिवाय डीजेला 125 ते 130 च्या वेगातली गाणी एकमेकांत न थांबता गुंफता येतात. अशा वेगाचं गाणं जगातल्या कुठल्याही क्लबच्या माळेत ओवता येतं.

हे घर सोडणं होतं का?

चाहत्यांच्या रागाकडे परत येते. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. हर्कने पाहिलं की गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की पोरं बेभान नाचतात, म्हणून तो दोन तबकड्यांवर तोच तुकडा लांबवू लागला. बोलणं त्यावर नंतर चढलं. 1982 मध्ये आफ्रिका बंबाटाने जर्मन क्राफ्टवर्कच्या सुरावटी आणि रोलंडचं 808 हे ताल-यंत्र घेऊन 'प्लॅनेट रॉक' केलं, आणि त्याचा वेग 'आय गॉटा फीलिंग'च्याच जवळपास आहे. 1988 मध्ये जंगल ब्रदर्स या हिप-हॉप गटाने सरळ हाऊसच्या ठेक्यावर रॅप केलं. म्हणजे नाच ही हिप-हॉपची सासरवाडी नव्हे, माहेर आहे. ब्लॅक आइड पीजही ब्रेकडान्स करतच एकत्र आले होते. त्यांनी जे सोडलं ते हिप-हॉपच्या घरातली शब्दांची खोली, आणि मला दुःख आहे ते तेवढ्याचं.

हा वळणबिंदू आता मराठीतही आला आहे. 2024 मध्ये क्रेटेक्स हा हाऊस संगीतकार आणि श्रेयस हा रॅपर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून निघालं आणि जगभर पोहोचलं. मराठी हाऊस असंच त्याला म्हणतात. शीर्षक तोंडाने म्हणून पाहा. तीन-तीन अक्षरांचे दोन शब्द, दोन्ही 'आ'ने उघडणारे, दोन्ही 'डी'वर आपटणारे. आपली ट-ठ-ड-ढ ही अक्षरं जीभ वळवून टाळूवर आपटतात, ती ताशाच्या काडीसारखी वाजतात. बोल व्हायला मराठी शब्द किती तयार आहेत हे त्या गाण्याने दाखवलं.

एकाच गाण्यात दोन्ही घरं

'द ई.एन.डी.'मध्येच 'इम्मा बी' हे गाणं आहे, आणि हा सगळा बदल ऐकायचा तर त्याहून चांगलं उदाहरण नाही. ते नव्वदीच्या वेगात, ऐसपैस, रॅपने सुरू होतं. बरंच पुढे गेल्यावर वेग चढतो, एकशेवीसच्या पलीकडे जातो आणि ठोका सरळ होतो. त्या सांध्यावर लक्ष ठेवा. शब्द मागे सरताना आणि ठोका पुढे येताना स्पष्ट ऐकू येतात.

गटाने 2018 मध्ये 'मास्टर्स ऑफ द सन' हा अल्बम काढला. तो पुन्हा संथ, शब्दांचा, रागाचा. 2009 च्या गाण्यांसारखा तो घराघरांत गेला नाही. मला तो मनापासून आवडतो.

बाईंना मी 'इम्मा बी' ऐकवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि नाच तसाच बांधायचं ठरवलं. पहिलं दीड मिनिट 'व्हेअर इज द लव्ह?', मुलं उभी, फक्त हातांनी आणि चेहऱ्यांनी बोलणारी. पायांना हात लावायचा नाही. मग थांबा, आणि पुढे 'आय गॉटा फीलिंग'. अडचण सांध्याची होती. 94 वरून 128 वर मुलांनी जायचं कसं? शेवटी पोळीवाल्या मुलाच्या हातात टाळ दिले. त्याचे आजोबा भजनी मंडळात आहेत, लय कशी चढवायची हे त्याला घरीच माहीत होतं. पहिलं गाणं संपलं, रंगमंच शांत झाला, त्याने नव्या लयीत टाळांचे चार ठोके दिले आणि पाचव्याला तीस जोडी पाय उचलले गेले.